वरचा पाऊस : इक्वेडोरच्या वर्षावनातील नद्यांवर कयाकिंग

इक्वेडोरमधील तेना या शहराभोवतीच्या नद्यांवर कयाक (एकट्याने वल्हवायची निमुळती होडी) घेऊन उतरायचे असेल, तर डोक्यावरच्या आकाशापेक्षा पश्चिमेकडच्या डोंगरावर अधिक लक्ष ठेवावे लागते. नदीकाठी लख्ख ऊन पडलेले असते, पाणी हिरवे आणि तळाचे गोटे दिसतील इतके नितळ असते, आणि तरीही तिथला जाणता वाटाड्या कयाक गाडीच्या टपावरून उतरवण्याआधी बराच वेळ डोंगरावरचे ढग निरखत उभा राहतो. कारण आपण ज्या पाण्यावर बसणार असतो ते इथल्या पावसाचे नसते, कित्येक किलोमीटर वर, दाट जंगलाने झाकलेल्या उतारांवर पडलेल्या पावसाचे असते. तो पाऊस आपल्याला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. त्याची वर्दी फक्त नदी देते, आणि ती वेळेवर ओळखणे हेच या नद्यांवरचे मुख्य कसब आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. वल्हे मारण्याचे तंत्र त्यानंतर येते.

तेना ही नापो प्रांताची राजधानी. क्विटोहून तिथे जाणारा रस्ता आधी पापायाक्ता घाटाने चार हजार मीटरांच्या वर चढतो आणि मग पूर्वेकडे उतरू लागतो. वर थंड वारा, खुरटे गवत आणि धुके असते. बाएसाच्या आसपास ढगांतले जंगल सुरू होते, जिथे प्रत्येक फांदीवर शेवाळ आणि ऑर्किड दाटलेले असतात. आणि आणखी खाली, समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटरांवर, तेनाजवळ पोहोचेपर्यंत अंगाला घाम सुटलेला असतो आणि दोन्ही बाजूंना ॲमेझॉनच्या खोऱ्याचे वर्षावन लागलेले असते. काही तासांच्या या प्रवासात गाडी जेवढी उंची गमावते, जवळपास तेवढीच उंची शेजारच्या नद्याही तेवढ्याशाच अंतरात गमावतात. त्यांच्या वेगाचे कारण समजून घ्यायला या रस्त्यासारखा दुसरा नकाशा नाही.

पावसाचे कारणही याच उतारात आहे. अटलांटिकवरून येणारे बाष्पयुक्त वारे संपूर्ण ॲमेझॉनचे खोरे ओलांडत पश्चिमेकडे येतात, वाटेत जंगल पानांवाटे पुन्हा पुन्हा हवेत सोडत असलेली ओल सोबत घेतात, आणि शेवटी अँडीजच्या भिंतीला अडून वर चढताना ती सगळी रिती करतात. तेनाच्या परिसरात वर्षाला साधारण चार हजार मिलीमीटर पाऊस पडतो. आपल्या आंबोलीत याहून बराच जास्त पडतो, पण तो चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो आणि मार्च उजाडेपर्यंत सह्याद्रीतले ओढे गोट्यांच्या कोरड्या वाटा होऊन बसतात. तेनाला कोरडा म्हणावा असा महिनाच नाही. एप्रिल ते जुलै हा काळ अधिक पावसाचा आणि ऑक्टोबर ते मार्च हा तुलनेने उघडिपीचा धरला जातो, म्हणून कयाक चालवणारे बहुतेक लोक नोव्हेंबर ते फेब्रुवारी या दिवसांत येतात. परंतु उघडिपीच्या दिवसांतही एखाद्या दुपारी डोंगरावर दोन तास असा पाऊस होतो की संध्याकाळी नदी ओळखू येत नाही.

नद्यांचे जाळे थोडक्यात सांगते. होंदाची ही अरुंद, खडकांनी भरलेली नदी ओयीन नदीला मिळते, ओयीन पुढे मिसावायीला मिळते आणि मिसावायी नापोत जाते. दुसऱ्या बाजूने हातुन्याकू ही मोठ्या पाण्याची नदी आन्सूला मिळते आणि त्या संगमातून नापो सुरू होते, जी शेवटी पेरूमध्ये ॲमेझॉनला जाऊन भेटते. उत्तरेला बाएसा आणि एल चाकोकडून वाहणारी किहोस ही वेगळी, रुंद आणि दांडगी नदी; २००५ साली राफ्टिंगची जागतिक स्पर्धा तिच्यावरच झाली होती. प्रत्येकीचे पाणलोट क्षेत्र वेगळे असल्यामुळे एक नदी फुगलेली असली तरी दुसरी योग्य पातळीवर असण्याची शक्यता राहते, आणि तेनाला जगभरचे कयाकवाले गोळा होतात ते मुख्यतः याच कारणाने.

मी कयाक चालवायला शिकले ती कोलाडला, कुंडलिकेवर. ज्यांनी तिथे राफ्टिंग केले असेल त्यांना ठाऊक आहे की कुंडलिकेचे पाणी मुळशी धरणाचे आहे, ते भिरा येथील जलविद्युत केंद्रातून उतरते आणि सकाळी नदीत सोडले जाते. पाणी केव्हा येणार, साधारण किती येणार आणि केव्हा ओसरणार, हे सगळे आधी माहीत असते. शिकण्यासाठी याहून चांगली व्यवस्था मिळणे कठीण, कारण तोच रॅपिड (नदीचा खवळलेला, वेगवान टप्पा), तेच पाणी आणि तीच लाट रोज समोर येते आणि चूक कुठे होते ते नीट पाहता येते. हिमालयातल्या बर्फाच्या नद्यांनाही स्वतःचे वेळापत्रक असते. ऊन चढले की वर बर्फ वितळते आणि दिवस कलता कलता खाली पाणी वाढते. वर्षावनातल्या नदीला असे कोणतेही वेळापत्रक नाही. या नदीवर सकाळी ठरवलेली गोष्ट दुपारी खरी राहील असे गृहीत धरता येत नाही, आणि धरणाच्या पाण्यावर तयार झालेल्या आपल्यासारख्यांना सगळ्यात आधी हीच सवय मोडावी लागते.

मग पातळी वाचायची कशी? तिथल्या वाटाड्यांनी मला जे शिकवले त्यातली सगळ्यात उपयोगाची खूण काठावरच्या खडकांवर असते. पाणी उतरत असेल तर खडकावर पाण्याच्या रेषेच्या वर ओला, गडद पट्टा दिसतो, कारण थोड्या वेळापूर्वी पाणी तिथपर्यंत होते आणि खडक अजून वाळलेला नाही. पाणी चढत असेल तर तो पट्टा नाहीसा होतो. कोरडा, फिकट खडक थेट पाण्यात शिरलेला दिसतो आणि त्यावर पडलेली वाळकी पाने कडेकडेने तरंगायला लागलेली असतात. मी पुढे प्रत्येक थांब्यावर कयाकमधून उठण्यापूर्वीच ही रेषा पाहू लागले. दुसरी खूण रंगाची. जंगल शाबूत असलेल्या पाणलोटातली नदी नेहमीच्या पातळीला हिरवी किंवा किंचित तपकिरी पण पारदर्शक असते, कारण मुळांनी माती धरून ठेवलेली असते आणि पावसाचा पहिला मारा पाने व पालापाचोळा झेलत असतो. जमीन पुरेशी भिजली आणि पाणी पृष्ठावरून वाहू लागले की आधी नितळपणा जातो, मग दुधाळ झाक येते आणि त्यानंतर खरा गढूळपणा. तिसरी खूण पाण्यावर तरंगून येणाऱ्या वस्तूंची : आधी फेसाचे पुंजके, मग सुटी पाने, मग काटक्या. काटक्या दिसू लागल्या की वाळूवरचे सामान आवरायला घ्यायचे. ओंडके दिसेपर्यंत थांबणाऱ्याला पुष्कळदा बाहेर पडायला काठच उरत नाही, कारण अरुंद घळीत पाणी दोन्ही बाजूंच्या कातळाला भिडलेले असते.

वासही येतो. ओल्या मातीचा, कुजलेल्या पानांचा तीव्र वास पाण्यावरून पुढे सरकत येतो, आणि तो ओळखायला नाकाला थोडे दिवस द्यावे लागतात.

होंदाचीच्या वरच्या टप्प्यावरचा एक दिवस मला इथे सांगितलाच पाहिजे. आमच्याबरोबर तेनाजवळच्या, किचवा या तिथल्या मूळ रहिवासी समाजाच्या एका वस्तीतला वाटाड्या होता, वयाने माझ्याहून लहान, पण या नदीवर पोरवयापासून वावरलेला. आम्ही पाण्याजवळ पोहोचलो तेव्हा ऊन होते आणि पातळी उत्तम होती. त्याने हातभर लांबीची एक काटकी घेऊन पाण्याच्या अगदी कडेला, दोन गोट्यांमध्ये उभी खोचली आणि आपल्या पिशवीतून ग्वायुसाची बाटली काढून सगळ्यांना घोट घोट प्यायला दिली. ग्वायुसा हा तिथल्या एका झाडाच्या पानांचा काढा. किचवा घरांत तो पहाटे चुलीभोवती बसून पितात. आम्ही हेल्मेट बांधत होतो, स्प्रे स्कर्ट (कयाकमध्ये पाणी शिरू नये म्हणून तिचे तोंड झाकणारे आवरण) कमरेला चढवत होतो, दोर आणि पुलीची पिशवी कोणाच्या कयाकमध्ये ठेवायची ते ठरवत होतो. तो काहीच बोलत नव्हता. बाटली रिकामी झाली तेव्हा काटकीच्या बुंध्याशी पाणी आले होते, आणि आम्ही कयाकमध्ये बसायला वाकलो तेव्हा काटकी आडवी पडून वाहून गेली. पाण्याचा रंग मात्र अजून तसाच होता. त्याने एकदा वर, नदीच्या वळणाकडे पाहिले, स्वतःची कयाक उचलून खांद्यावर घेतली आणि आम्हाला म्हणाला, “आज नाही.”

कोणीही वाद घातला नाही. चिखलाच्या पायवाटेने, मुळांच्या पायऱ्या धरत आम्ही पुन्हा वर चढू लागलो. वीस किलोच्या आसपास वजनाची कयाक खांद्यावर असली की तो चढ संपता संपत नाही, आणि ओल्या पानांवरून पाय घसरला की पुढच्याच्या कयाकचे टोक मागच्याच्या तोंडावर येते. अर्ध्या वाटेवर थांबलो तेव्हा खालून एक आवाज येऊ लागला होता. तो पाण्याचा खळखळाट नव्हता. त्याच्या खाली दबलेला, खोल, ठोके पडल्यासारखा आवाज होता, आणि तो कानांपेक्षा पायांच्या तळव्यांना आधी कळत होता. पुराच्या जोराने नदीच्या तळाशी धोंडे सरकत आणि एकमेकांवर आदळत होते. झाडीतल्या फटीतून पाहिले तर आम्ही ज्या वाळूवर बसून ग्वायुसा प्यायलो होतो ती जागा दिसत नव्हती आणि तिच्यावरून तांबूस पाण्याचा लोंढा चालला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी नदी जवळजवळ मूळ पातळीवर आली होती. इतक्या लवकर चढणे आणि इतक्याच लवकर उतरणे, हा या लहान, उभ्या उताराच्या नद्यांचा स्वभाव आहे, आणि म्हणून थांबण्याची किंमत तिथे फार थोडी असते : बहुतेक वेळा एक रात्र.

दुसऱ्या दिवशी आम्ही उतरलो तेव्हा नदी पातळीला तीच होती, पण नकाशाने तीच नव्हती. हे वर्षावनातल्या नद्यांचे दुसरे वैशिष्ट्य आहे आणि माझ्या दृष्टीने ते पातळीइतकेच महत्त्वाचे आहे. काठावरची सेक्रोपिया आणि बाल्सासारखी झपाट्याने वाढणारी, मऊ लाकडाची झाडे आणि बांबूची बेटे प्रत्येक पुरात नदीत येतात. ती खडकांच्या मध्ये आडवी अडकली की पाणी गाळणीतून जावे तसे फांद्यांमधून निघून जाते, आणि कयाक व माणूस मात्र तिथेच दाबले जातात. कयाकवाले याला स्ट्रेनर म्हणतात, आणि जाणकार माणूस दहा फुटांच्या धबधब्याला भीत नाही इतका याला भितो. खडकांच्या ढिगाखालून पाणी जाते त्या जागा, आतून कोरले गेलेले कातळ, या गोष्टी नदीवर कायमच्या असतात आणि वाटाड्याला पाठ असतात. लाकडाचे मात्र कोणालाच पाठ नसते, कारण काल स्वच्छ असलेला रॅपिड आज बंद असू शकतो. म्हणून होंदाचीवर, ज्या वळणापलीकडचे दिसत नाही तिथे, आधी एडीत थांबायचे असा नियम आहे. मोठ्या खडकामागे पाणी उलटे फिरून जी शांत जागा तयार होते ती एडी. एका एडीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असे तुकड्या-तुकड्याने उतरायचे, आणि जिथून पुढची एडी दिसत नाही तिथे कयाक काठाला लावून पायी जाऊन पाहायचे. या पद्धतीत वेळ फार जातो. चार-पाच किलोमीटरांच्या टप्प्याला संपूर्ण दिवस लागू शकतो, आणि तो लागला म्हणून कोणी कोणाला घाई करत नाही.

प्रत्यक्ष चालवण्याविषयी एकच गोष्ट जरा विस्ताराने लिहिते, कारण कुंडलिकेवर ती शिकण्याचा प्रसंग फारसा येत नाही. खडकांनी भरलेल्या नदीत पाणी पायऱ्यांनी उतरते. प्रत्येक पायरीच्या पायथ्याशी वरून पडलेले पाणी तळाला जाऊन पुन्हा वर येते आणि पृष्ठभागावर उलट्या दिशेने, पायरीकडे, परत वाहते. या जागेला होल म्हणतात. कयाकचे नाक त्यात घुसले तर वरून पडणारे पाणी मागचा भाग दाबून धरते आणि माणूस तिथेच गोल फिरत राहतो. यावर उपाय म्हणजे नाक पाण्यात जाऊच न देता, कयाक सपाट ठेवून होलच्या पलीकडे जाऊन पडणे, ज्याला बूफ असे नाव आहे. त्यासाठी पायरीच्या ओठावर येईपर्यंत थांबावे लागते. वल्हे ओठाच्या पलीकडच्या पाण्यात उभे रोवायचे, शक्यतो खडकाच्या बाजूचे, आणि ते मागे ओढतानाच कंबरेने कयाक पुढे ढकलत गुडघे वर उचलायचे. हातांनी खेचायचे थोडे आणि पोट, मांड्या व टाचांनी करायचे बरेच. एक क्षण लवकर झाला तर जोर वाया जातो आणि एक क्षण उशीर झाला तर नाक खाली गेलेले असते. तो एक क्षण साधला की पाण्याचा आवाज मध्येच तुटतो आणि कयाक खालच्या डोहावर थाप मारल्यासारखी सपाट उतरते. तो आनंद मी दुसऱ्या कशाशी ताडून पाहिलेला नाही आणि पाहणारही नाही.

नद्यांची अवघडता एक ते सहा या आंतरराष्ट्रीय श्रेणींत मोजतात. हातुन्याकू साधारण तिसऱ्या श्रेणीची, होंदाचीचा खालचा भाग आणि ओयीन तिसऱ्या-चौथ्या, तर होंदाचीचा वरचा भाग चौथ्या-पाचव्या श्रेणीचा धरला जातो. परंतु हे आकडे एका विशिष्ट पातळीचे असतात, आणि पावसाच्या नदीवर पातळी बदलली की आकडाही बदलतो, हे पुस्तकात किंवा नकाशात पाहून आलेल्या माणसाच्या पटकन लक्षात येत नाही.

पाणी कोमट असते, ही या नद्यांची मोठी मेहेरबानी. ऋषिकेशच्या गंगेवर थंडीत रोल (उलटलेली कयाक आत बसूनच सुलटी करणे) चुकला तर पहिल्या दहा सेकंदांतच डोके दुखू लागते आणि बोटे आखडतात. तेनाला पाण्यात पडलेला माणूस शांतपणे विचार करू शकतो, आणि त्यामुळे शिकणाऱ्याचे धाडस लवकर वाढते. पण उबेचा दुसरा भाग दिवस संपल्यावर कळतो. ओले कपडे वाळत नाहीत. पायांची कातडी सतत भिजून सुटते, बुटाच्या कडेने घासलेली साधी जखम दोन दिवसांत चिघळते आणि कानात साचलेले पाणी ठणका लावते. रोज संध्याकाळी पाय कोरडे करून जखमांना औषध लावणे हे तिथे वल्ह्याची काळजी घेण्याइतकेच गरजेचे काम आहे, आणि अनुभवी मंडळी ते जेवणाआधी करतात. जेवणात पुष्कळदा मायतो असतो, म्हणजे रुंद पानांत गुंडाळून निखाऱ्यावर भाजलेला मासा. कोकणात वाढलेल्या माणसाला तो मुळीच परका वाटत नाही.

आता ज्या कारणाने हा लेख लिहावासा वाटला त्याकडे येते. नदी वाचता येते ती तिच्या खुणा खऱ्या असतात तोपर्यंत, आणि या नद्यांच्या खुणा गेल्या काही वर्षांत बिघडवल्या जात आहेत.

हातुन्याकूच्या काठी युत्सुपिनो नावाची जागा आहे. किचवा कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या या नद्यांच्या वाळूतून लाकडी परातीने थोडे थोडे सोने धूत आली आहेत, आणि त्याने नदीला काही झाले नाही. २०२१च्या सुमारास मात्र तिथे जमीन उकरणारी अवजड यंत्रे बेकायदेशीरपणे उतरली, काठाचे जंगल आणि नदीचे पात्र दोन्ही खणून काढले गेले, आणि फेब्रुवारी २०२२मध्ये सरकारने मोठी कारवाई करून शंभराहून अधिक यंत्रे जप्त केली तोपर्यंत काठावर खड्ड्यांचे आणि गढूळ डबक्यांचे मैदान झाले होते. सोन्याच्या अशा खाणकामात वापरला जाणारा पारा, मासे आणि पिण्याचे पाणी हे प्रश्न सर्वांत मोठे आहेत आणि ते तिथल्या माणसांच्या जगण्याचे आहेत. कयाक चालवणाऱ्याच्या बाजूने मी फक्त एवढेच जोडीन की वर कुठे यंत्र चालू असेल तर नदी पावसाविनाही गढूळ होते. रंगावरून पूर ओळखणारा माणूस मग काय ओळखणार? पाणी रोजच मातकट असेल तर ज्या दिवशी खरोखर पूर येत आहे त्या दिवशी ते वेगळे दिसणार नाही. ज्या खुणेवर किचवा होडीवाले लांब बांबूने होड्या लोटत असल्याच्या काळापासून विसंबत आले, ती खूणच पुसली जाते.

किहोसची गोष्ट याहून मोठी आहे. किहोस आणि सालादो यांच्या संगमातून पुढे कोका नदी होते, आणि त्या कोकावर सान राफाएल हा सुमारे १५० मीटर उंचीचा, इक्वेडोरमधला सर्वांत मोठा धबधबा होता. संगमाजवळ कोका कोदो सिंक्लेअर या १५०० मेगावॉटच्या जलविद्युत प्रकल्पाचा बांध आहे. प्रकल्प नोव्हेंबर २०१६मध्ये सुरू झाला आणि त्याचा बांध धबधब्याच्या सुमारे वीस किलोमीटर वर आहे. २ फेब्रुवारी २०२० रोजी धबधब्याच्या कड्याच्या थोडे अलीकडे नदीच्या पात्रालाच भगदाड पडले, सगळे पाणी त्यात उतरून कड्याखालून बाहेर येऊ लागले, आणि हजारो वर्षांचा धबधबा एका दिवसात कोरडा पडला. तिथला कडा रेव्हेंतादोर ज्वालामुखीच्या जुन्या लाव्ह्याचा आणि त्यामागचा गाळ ठिसूळ असल्यामुळे हे कधीतरी होणारच होते, असे काही भूवैज्ञानिक म्हणतात. बांधापाशी गाळ अडल्यामुळे खाली गेलेले निर्गाळ पाणी पात्र अधिक जोराने खाऊ लागले, असे इतरांचे म्हणणे आहे, आणि हा वाद संपलेला नाही. परिणाम मात्र वादातीत आहेत. कड्याचा आधार गेल्यावर नदीचे पात्र उलट्या दिशेने, वरच्या बाजूला, खचत गेले. काठ कोसळले, महामार्गाचे तुकडे आणि सान लुईस या वस्तीतली घरे गेली. ७ एप्रिल २०२० रोजी काठाजवळून जाणाऱ्या तेलवाहिन्या तुटल्या आणि खनिज तेल कोका व नापोतून खालच्या किचवा वस्त्यांपर्यंत पोहोचले, तेही महामारीच्या टाळेबंदीत, जेव्हा त्या लोकांना नदीशिवाय दुसरा आधार नव्हता.

मी एल चाकोजवळ किहोसवर उतरले ते हे सगळे घडून गेल्यानंतर. तिथे पाणी अजूनही सुंदर आहे, लाटा लांब आणि मोठ्या आहेत, आणि तरीही पुढच्या वळणांपलीकडे काय चालले आहे हे विसरून वल्हे मारता येत नाही. नदीचा तळ ही गोष्ट आपण कायमची धरून चालतो. पाणी बदलेल, लाकूड बदलेल, पण कातळाची पायरी तिथेच राहील, असा विश्वास आपल्या प्रत्येक ठरवलेल्या मार्गाच्या मुळाशी असतो. कोकाने तो विश्वास काढून घेतला.

याउलट पियातुआ. तेनाच्या दक्षिणेला सांता क्लारा भागातून वाहणारी ही नदी मोठमोठ्या फिकट धोंड्यांमधून वाहते आणि तिचे पाणी इतके स्वच्छ आहे की कयाकमधून खालचा तळ दिसत राहतो. तिच्यावरही जलविद्युत प्रकल्प मंजूर झाला होता. तिथल्या किचवा समाजाने विरोध केला, प्रकरण न्यायालयात नेले, आणि २०१९मध्ये पास्तासा प्रांताच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल देऊन काम थांबवले. इक्वेडोरने २००८च्या राज्यघटनेत निसर्गालाच हक्क दिलेले आहेत. अशी तरतूद राज्यघटनेत करणारा तो जगातला पहिला देश. कागदावरचे हक्क नदीपर्यंत आपोआप पोहोचत नाहीत हे हातुन्याकूवर दिसतेच. पियातुआवर ते पोहोचले, कारण काठावरची माणसे ते घेऊन न्यायालयात उभी राहिली. बाहेरून येणाऱ्या कयाकवाल्यांनी त्यांना साथ दिली, चित्रे काढली, नदीविषयी लिहिले, पण लढा त्यांचा होता आणि श्रेयही त्यांचेच आहे. आपण तिथे जातो तेव्हा वाटाड्या, गाडी आणि मुक्काम हे त्याच वस्त्यांमधून घ्यावेत, असा माझा आग्रह आहे. नदी वाहती राहिली तर घर चालते हे तिथल्या तरुणाला दिसले पाहिजे.

महाराष्ट्रातून जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. कुंडलिकेवर रोल दोन्ही बाजूंनी आणि वाहत्या पाण्यात पक्का होईपर्यंत जाण्याची घाई करू नये. त्यानंतर गंगेवर मोठ्या पाण्याचा सराव करावा. तेनाला पोहोचल्यावर सुरुवात हातुन्याकूपासून करावी, मग होंदाचीचा खालचा भाग आणि ओयीन, आणि वरच्या होंदाचीचे नाव वाटाड्याने काढेपर्यंत आपण काढू नये. कयाक तिथे भाड्याने मिळते. हेल्मेट, स्प्रे स्कर्ट आणि लाइफ जॅकेट मात्र स्वतःच्या मापाचे, वापरून सरावलेले न्यावे. थोडी स्पॅनिश शिकून जावे, निदान डावे, उजवे, थांबा, लाकूड आणि पाणी वाढते आहे एवढे शब्द तरी, कारण ते पाण्यावर ओरडून सांगितले जातात आणि समजायला वेळ नसतो. आणि तिकीट काढण्याच्या सुमारासच पीतज्वराची लस घेऊन टाकावी. ती मुंबई-पुण्यात ठरावीक अधिकृत केंद्रांवरच मिळते, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, आणि इक्वेडोरहून परतताना तिचे प्रमाणपत्र जवळ नसेल तर भारतीय विमानतळावर विलगीकरणात ठेवले जाऊ शकते.